सुबक हजेरी

त्यांनी मला पहिल्याच भेटीत 'अरे' म्हटलं आणि मला राग आला. मी वीस वर्षांचा होतो, फायनल पास होतो, बोर्डाच्या शाळेचा एकुलता एक मास्तर होतो आणि गावातली सत्तरीची माणसंसुद्धा मला गुरुजी म्हणत. हे गृहस्थ सायकलवरून उतरले, माझ्याकडे न बघता म्हणाले, "अरे, जरा पाणी आण," आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या पहिलीतल्या बबनला हात जोडून म्हणाले, "नमस्कार. आपण कोण?"

बबनने मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं, शाळेची भिंत होती. स्वतःला कुणी 'आपण' म्हणेल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं, त्यामुळे त्याने थोडा विचार केला आणि सांगितलं, "आमी पाटलाच्या शेजारचं."

"वा," ते म्हणाले. "मग पाटील तुमच्या शेजारचे."

लहानांना अहो-जाहो आणि मोठ्यांना अरे-तुरे हा त्यांचा रिवाजच होता. हेडमास्तर असो, सरपंच असो, चाकणच्या गाडीचा कंडक्टर असो, सगळ्यांना एकच माप. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "मोठ्यांना मान द्यायला सगळं जग बसलंय. मी नाही दिला तर त्यांचं काय अडतं?" यावर समोरच्याला उत्तर सुचेपर्यंत ते सायकलवर टांग टाकून निघून गेलेले असत. सायकलला घंटी नव्हती. वाटेत कुणी आडवं आलं की ते नुसतं "येतोय" म्हणायचे, तेही फार मोठ्याने नाही.

ते मुलांसाठी पुस्तकं लिहीत. बत्तीस पानांची, दोन रंगांच्या मुखपृष्ठाची, मधोमध टाचण मारलेली पातळ पुस्तकं. चिंचवडला नदीच्या वरच्या अंगाला एका लोहाराच्या घरामागे दोन खोल्यांत एकटेच राहत. पुढे घणाचे घाव दिवसभर चालू असायचे. त्याबद्दल कुणी हळहळ व्यक्त केली की सांगत, "तो ठोकतो तेव्हा मी लिहितो, तो थांबला की मी खोडतो. दोघांचं बरं चाललंय." अंगात बारा महिने खाकी कोट. त्याच्या एका खिशात शेंगदाणे, एकात गूळ, एकात कोरी पोस्टकार्डं आणि चौथ्यात काय होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. एका कानावर लाल पेन्सिल, दुसऱ्यावर निळी. झोपतानाही त्या तिथेच असत असं लोहार सांगायचा.

हल्ली माझ्या नातवाच्या शाळेत लेखक येतात. मी निगडीला राहतो, शाळा दोन चौक सोडून आहे, त्यामुळे आजोबा म्हणून मलाही बोलावतात. माइक असतो, मागे फलक असतो, फोटो काढणारे दोघेतिघे असतात. प्रश्न मुलांना आदल्या दिवशीच वाटून दिलेले असतात. एखादी मुलगी उठते, लिहिण्याची प्रेरणा कुठून मिळते ते विचारते आणि उत्तर यायच्या आत खाली बसते, कारण तिचं काम झालेलं असतं. बाकीचे आजोबा कौतुकाने टाळ्या वाजवतात. मी टाळ्या वाजवत नाही, पण नावंही ठेवत नाही. ते पाप मी स्वतः केलेलं आहे, आणि ते कसं अंगाशी आलं होतं तेही मला आठवतं.

त्यांचं शाळेत जाणं वेगळं होतं. ते कधीही पुरी गोष्ट घेऊन जात नसत. अर्धी लिहिलेली, मध्येच अडलेली गोष्ट पिशवीत घालून निघायचे. चिंचवड, पिंपरीची निर्वासितांची छावणी, आळंदी, मोशी, चाकण आणि मधल्या बाभळींतून गेलेल्या पायवाटांवर जी कुठली शाळा लागेल ती. हार घातलेला त्यांना चालत नसे. "मी पाहुणा नाही, गिऱ्हाईक आहे. माल न्यायला आलोय," असं म्हणून ते हार काढून दाराच्या खुंटीला अडकवायचे. खुर्चीवर बसत नसत. "खुर्चीवरनं सांगितलेली गोष्ट खाली पोचेपर्यंत निवते." मग मुलांमध्ये मांडी घालून गोष्ट सुरू करायची आणि अडल्या जागी थांबायचं. "इथवर मला येतं. पुढचं आपण सांगा." मुलं सांगतील ते प्रमाण. पिंपरीच्या छावणीतल्या, नुकतंच मराठी बोलायला लागलेल्या एका सिंधी मुलीने त्यांच्या गोष्टीतल्या राजाला रेशनच्या रांगेत उभं केलं. राजाने पुढे काय करायचं असं विचारल्यावर ती म्हणाली, काही नाही, नंबर येईपर्यंत थांबायचं. तो राजा छापील पुस्तकात चार पानं नुसता रांगेत उभा आहे. मी वाचलेल्या सगळ्या राजांत मला तोच खरा वाटतो.

कुणी जांभई दिली की लाल पेन्सिल खाली यायची आणि त्या ओळीवर फुली बसायची. निगडी तेव्हा एवढंसं खेडं होतं. तिथल्या एका मुलाने लागोपाठ तीन जांभया दिल्या म्हणून त्यांनी एक अख्खी परी काढून टाकली. मास्तरांनी त्या मुलाला रागे भरायला सुरुवात केली तेव्हा हे मास्तरांवरच उखडले. "अरे, त्यांनी माझं मोठं काम केलं. तू मध्ये पडू नकोस." एका प्रकाशकाने गोष्टीच्या शेवटी तात्पर्य घाला असं कळवलं, तर यांनी उलट टपाली पोस्टकार्ड धाडलं, की तात्पर्य मुलं घरी जाताना वाटेतली बोरं काढतात तसं काढतील, आपण आधीच काढून त्यांच्या हातात देऊ नये.

हे सगळं मला नंतर कळलं, ओळख वाढल्यावर. तेव्हा फक्त एवढंच ऐकून होतो, की चिंचवडचे एक लेखक बोलावलं की शाळेत येतात, काही घेत नाहीत आणि मुलं खूश होतात. मला त्या वेळी मुलं खूश करायची नव्हती. मला दिपोटी खूश करायचे होते.

दिपोटी म्हणजे आमच्या भागातल्या शाळा तपासणारे साहेब. माझी शाळा चाकणच्या पलीकडे तीन मैलांवर, भामा नदीच्या अलीकडच्या एका गावात होती. चार इयत्ता, एक खोली, एक मास्तर. पट तिसाच्या खाली गेला तर शाळा बंद करून मुलांना शेजारच्या गावात पाठवायचं, असा निरोप तालुक्याहून आला होता. शेजारचं गाव ओढ्यापलीकडे. पावसाळ्याचे तीन महिने त्या ओढ्यात मोठा माणूस पाय घालायला धजत नसे, तिथे पहिली-दुसरीची पोरं काय जाणार? शाळा गेली की या पोरांचं शिक्षण संपलं, हे मला आणि गावालाही माहीत होतं. माझी नोकरी जाणार होती ते वेगळंच. आई माझ्याजवळ राहत होती आणि आमच्यामागे दुसरा आधार नव्हता.

पटावर एकोणतीस नावं होती. मी घरोघर फिरलो. तिसावं मूल मिळण्यासारखं एकच घर उरलं होतं, मळ्यातल्या एका बटाटेवाल्या शेतकऱ्याचं. त्याची थोरली मुलगी हौसा, वय वर्षं नऊ. बाप माणूस वाईट नव्हता. मला घोंगडीवर बसवलं, गूळपाणी दिलं आणि म्हणाला, "गुरुजी, तुमचं समदं पटतंय. पर आमी दोघं वावरात. पोरगी साळंत आली तर धाकट्याला कोन संभाळंल?" त्या धाकट्याला कडेवर घेऊन हौसा चुलीपाशी उभी होती. माझ्याकडे टक लावून बघत होती. ती नजर चुकवून मी उठलो.

त्या संध्याकाळी मी कॅटलॉगात तिसावं नाव लिहिलं. कॅटलॉग म्हणजे हजेरीचं बुक. मनाशी म्हटलं, आज ना उद्या येईलच. उद्या आली नाही. तिच्या नावापुढे मी हजेरीचा 'ह' काढला. परवाही काढला. असे पाच महिने गेले. हाताला सवय लागली.

मग दिपोटी येणार अशी वर्दी आली आणि मला ती शक्कल सुचली. त्याच दिवशी लेखकांना बोलवायचं. साहेब येतील तर मुलं लेखकाला प्रश्न विचारताहेत, शाळा गजबजली आहे, अशात एक डोकं कमी की जास्त कोण मोजतंय? हौसा आजारी आहे असं सांगायचंही ठरवून ठेवलं होतं. मी मुलांकडून दहा प्रश्न पाठ करून घेतले. कोणी कितवा प्रश्न विचारायचा, कोणी कुठे उभं राहायचं, उत्तर झाल्यावर किती टाळ्या, सगळं. आठ दिवस दुसरं काही शिकवलं नाही. आंब्याच्या पानांचं तोरण लावलं, पाटलांकडून टेबलावर अंथरायला लुगडं आणलं, खुर्ची पुसली. सकाळी मुलं जमली, एकोणतीसच्या एकोणतीस. मी हजेरी घेतली, म्हणजे नावं न पुकारता नुसते ह काढत गेलो. त्या धांदलीत हात तिसाव्या ओळीवरूनही फिरला. हौसा आजारी असल्याचं मी सांगणार होतो आणि माझ्याच अक्षरात ती हजर होती. हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

बबनशी पाटलांविषयी बोलणं झाल्यावर ते आत आले. मुलं शिकवल्याप्रमाणे ताडकन उभी राहिली आणि एका सुरात म्हणाली, "या लेखकमहाराज, आमची शाळा पावन झाली." हे वाक्य माझं होतं. ते थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अरे, हे तू यांच्याकडून वदवलंस? लाज वाटत नाही?" मग मुलांना म्हणाले, "बसा हो सगळे. पाय दुखतील."

चौथीतल्या सोनबाने तरी धीर सोडला नाही. त्याचा पहिला नंबर होता. "आपणांस लेखनाची स्फूर्ती कोठून होते?" त्याने छातीवर हात बांधून विचारलं.

"सोनबाराव, खरं सांगा, तुम्हाला हे जाणून घ्यायचंय का?"

सोनबाने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "न्हाई," तो म्हणाला. "मला इचारायचंय, सायकलीला घंटी का न्हाई?"

त्यावर ते जे खुलले ते खुललेच. माझे नऊ प्रश्न तिथेच बारगळले. तेवढ्यात दिपोटी साहेब चाकणहून पायी तीन मैल तुडवत घामाघूम होऊन दारात आले. काळी टोपी, पांढरा कोट, हातात छत्री. मी धावलो. लेखकांनी बसल्या जागेवरून त्यांना खुर्ची दाखवली. "तू तिथं बस. तुझे कपडे चांगले आहेत." साहेबांचा चेहरा कसा झाला ते बघायची माझी हिंमत झाली नाही. पण ते बसले.

आणि मग लेखकांनी माझ्यापुढे हात केला. "मास्तर, कॅटलॉग दे."

मला वाटलं माझ्या कानांत काहीतरी बिघाड झाला. "कशाला?"

"नावं नकोत का मला? कॅटलॉगातलं प्रत्येक नाव माझ्या गोष्टीत जातं. एकही नाव उपाशी राहता कामा नये. अरे, बोलावण्याआधी माझी माहिती तरी काढायचीस."

त्या दिवशीची गोष्ट होती आवाज हरवलेल्या गावाची. एका गावचे सगळे आवाज एक जुनी विहीर गिळून बसते. बैल हंबरतो पण ऐकू येत नाही, माणसं बोलतात पण नुसते ओठ हलतात. मग गावची मुलं दाही दिशांना जातात आणि प्रत्येक जण एकेक आवाज शोधून आणतो. सगळे आवाज आणून विहिरीपाशी ओतले की गाव बोलायला लागेल. ते नाव पुकारायचे आणि ज्याचं नाव त्याने आपला आवाज करून दाखवायचा. बबनने दळणाच्या जात्याचा आवाज आणला. सोनबाने मोटेचं चाक आणलं, इतकं हुबेहूब की मागची दोन पोरं पाणी आल्यासारखी सरकून बसली. कुणी फुंकणीचा, कुणी टोपलीत पडणाऱ्या बटाट्यांचा, कुणी पाटलीणबाईंच्या बांगड्यांचा. प्रत्येक आवाजापुढे निळी खूण. एकदाही लाल पेन्सिल कानावरून उतरली नाही. साहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि ते हसत होते. त्या खोलीत दोनच जीव हसत नव्हते, मी आणि भिंतीवरची पाल.

एकोणतीस झाले. त्यांनी बोट खाली सरकवलं.

"हौसाबाई."

मुलं एकमेकांकडे बघायला लागली.

"हौसाबाई कोण? शेवटचा आवाज तुमच्याकडे आहे. तुमच्यावाचून गाव मुकं."

मी तोंड उघडलं. आजारी हा शब्द जिभेवर आला होता. पण बबन माझ्यापेक्षा जलद होता. आज त्याला कुणीतरी 'आपण' म्हटल्यामुळे फार बळ आलं होतं. "हौसी साळंत येतच न्हाई," तो म्हणाला. "कंदीच आली न्हाई."

दिपोटींनी टोपी डोक्यावर घातली.

लेखकांनी कॅटलॉगाची मागची पानं उलटली. एक, दोन, तीन, चार, पाच. प्रत्येक पान त्यांनी नीट बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, हे मी शपथेवर सांगतो. ओळखीचं माणूस गर्दीत दिसावं तसं बघितलं. कॅटलॉग मिटून त्यांनी मांडीवर ठेवला आणि मुलांना म्हणाले, "मग संपलं. गोष्ट अडली."

मुलं हबकली. एकोणतीस आवाज गोळा करून गाव मुकंच राहणार हे त्यांना पटेना. सोनबा उठला. "आनू का तिला?"

"मला काय विचारता? गाव तुमचं."

माझी परवानगी न विचारता माझी सगळी शाळा दारातून बाहेर पडली आणि मळ्याच्या दिशेने पळत सुटली. बबनची चड्डी सुटत होती, ती एका हाताने धरून तो सगळ्यांच्या मागे. खोलीत आम्ही तिघे उरलो आणि तो कॅटलॉग.

"मास्तर, काय प्रकार आहे हा?" साहेब म्हणाले.

लेखक खिशातून शेंगदाणे काढून खायला लागले. त्यांनी माझी बाजू घेतली नाही, मला अडवलंही नाही. मी अजूनही आजारी म्हणू शकत होतो. बबन सहा वर्षांचा, त्याचं कोण खरं धरणार? पण पाच महिन्यांपूर्वी चुलीपाशी उभी असलेली ती पोरगी डोळ्यांसमोर आली. मी म्हणालो, "साहेब, ती मुलगी आजवर एकदाही आलेली नाही. नाव मी घातलं. हजेरी मीच लावतो. पट तीस दिसावा म्हणून."

बोललो, आणि काय सांगू, माझे खांदे खाली आले. पाच महिने ते कानांना लागलेले असावेत. नोकरी गेली हे मला दिसत होतं, आईला काय सांगायचं ते सुचत नव्हतं, आणि तरी पोटभर श्वास आत गेला. साहेब छत्रीचं टोक जमिनीवर टेकवत म्हणाले, "खोटी हजेरी लावणारे खूप बघितले. विचारल्यावर सांगणारा विरळा."

बाहेर गलका झाला. पोरं परत आली होती आणि त्यांच्या मधोमध हौसा. हात कोपरापर्यंत मातीने भरलेले, कडेवर धाकटा भाऊ. तिच्यामागून तिचा बाप, हातात विळा तसाच. "काय ह्ये गुरुजी? भर कामाच्या टायमाला टोळी आली आन् पोरगी घिऊन पळाली."

लेखक उठून उभे राहिले. साहेबांसाठी ते उठले नव्हते. "या, हौसाबाई. फार वाट बघायला लावलीत. तुमचा आवाज राहिलाय." आणि बापाला, "तू पण बस. विळा बाहेर ठेव."

सोनबाने तिला घाईघाईने अर्धी गोष्ट सांगितली. विहीर, मुकं गाव, एकोणतीस आवाज. ती ऐकत राहिली. मग भावाला खाली ठेवून तिने दोन्ही तळवे तोंडाशी धरले, डोळे मिटले आणि लांबवर पोचेल अशी हाक घातली.

"हौसेऽऽ..."

बांधावरून आई संध्याकाळी पोरीला बोलावते ती हाक. स्वतःच्याच नावाची. इतकी खरी, की बापाने दाराकडे वळून पाहिलं. आणि मग एकोणतीस पोरं एकदम आपापला आवाज करायला लागली. जातं, मोट, बांगड्या, फुंकणी. गाव बोलायला लागलं होतं. मला हुंदका आला आणि तो लपवायला मी खिडकी उघडायचं निमित्त केलं. ती खिडकी आधीच उघडी होती.

धाकटा एवढ्या गलक्यात रडला नाही. लेखकांच्या कानावरची निळी पेन्सिल ओढून ती चघळत बसला होता. ते बापाला म्हणाले, "याला कोण सांभाळणार म्हणूनच हौसाबाईंचं अडलं असेल ना? हा बसलाय बघ. हाही येऊ दे शाळेत." बाप पोराकडे बघत राहिला. "त्येला इथं बरं वाटतंय म्हना की," एवढंच म्हणाला, आणि विळा घ्यायला उठला. जाताना पोरीला घेऊन गेला नाही.

दिपोटींनी मला दौत-टाक आणायला लावली. लाल शाई. "पाच महिन्यांचे सगळे ह खोडा. माझ्यासमोर. प्रत्येक खाडाखोडीवर सही." मी खोडत गेलो. शंभराच्या वर होते. आजच्या तारखेवर आलो तेव्हा त्यांनी हात धरला. "हा राहू द्या. ही हजर आहे." मग त्यांनी स्वतः उठून डोकी मोजली आणि शेरेबुकात लिहिलं, की समक्ष मोजले, तीस भरले. मला लेखी ताकीद मिळाली. ती मी अजून जपून ठेवली आहे. शाळा राहिली.

पुढच्याच रविवारी मी चिंचवडला त्यांच्या खोलीवर गेलो. आभार मानायला गेलो होतो, पण ते त्यांना चालत नाही हे मला माहीत नव्हतं. "अरे, त्यात मी काय केलं? मला गोष्ट संपवायची होती," म्हणाले. मी विचारलं, "बबन बोलायच्या आधीच तुम्हाला कळलं होतं ना? कशावरून?"

पुढे घण थांबला होता, म्हणजे त्यांची खोडायची वेळ. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "तुझ्या अक्षरावरनं. बाकीच्या मुलांचे ह तू घाईत काढतोस, वाकडेतिकडे. हौसाबाईंचा रोज सुबक. न येणाऱ्या मुलाची हजेरी मास्तर फार मन लावून लावतो." मग ते म्हणाले, "मी सात वर्षं लावली. माझ्या कॅटलॉगात अकरा पोरं होती जी कुणी कधी बघितली नाहीत. त्यांना मी नावं दिली, आजारपणं दिली, एकाला तर गोवर येऊन गेला. पकडला गेलो, बोर्डाने घरी पाठवलं. मग म्हटलं, लिहायचंच आहे तर कागद बदलू."

ते हसले नाहीत, म्हणून मीही हसलो नाही. परत येताना मात्र आळंदीच्या फाट्यापर्यंत एकटाच हसत होतो.

छापून आलेल्या पुस्तकाची पहिली प्रत ज्या शाळेत गोष्ट पुरी झाली तिथे वाचायची, असा त्यांचा नेम होता. वर्षभराने ते परत आले. मी तोरण लावलं नव्हतं आणि प्रश्न पाठ करून घेतले नव्हते. हौसा दुसरीत गेली होती, धाकटा तिच्या शेजारी पाटीवर रेघोट्या ओढत बसला होता. चौथी पास होऊन गेलेली सोनबाची पोरंही त्या दिवसापुरती येऊन बसली होती. ते नाव घेत गेले आणि मुलं आपापला आवाज करत गेली. तिसावी हाक झाली. गाव बोललं. मुलं उठायला लागली तसा त्यांनी हात वर केला.

"थांबा. एक नाव राहिलं." पुस्तकाच्या शेवटच्या पानावर, छापील ओळींच्या खाली, पेन्सिलीने एक ओळ लिहिलेली होती. त्यांनी ती वाचली. ते माझं नाव होतं, मास्तर वगैरे काही न लावता.

तिसांनी माना वळवल्या. मी म्हणालो, "हजर."

"या. बसा इथे," ते म्हणाले. "अहो, तुमचा आवाज राहिलाय."

त्यांनी मला अहो म्हटलं ते तेवढंच एकदा. मी मुलांमध्ये मांडी घालून बसलो. मोट, जातं, बांगड्या, सगळे चांगले आवाज आधीच गेले होते. मला एकच सुचला. मी दातांवर दात ठेवून टाकाने कागदावर ओढतात तशी लांब रेघ ओढली. खर्रर्र. लाल शाईची. मुलांना तो कसला आवाज ते कळलं नाही, ती नुसती हसली. ते हसले नाहीत. त्यांनी कानावरची निळी पेन्सिल काढली आणि माझ्या नावापुढे खूण केली.